‘सदोष मनुष्यवध’: खोट नेमकी कशात?

लातूरहून एका वाचकांनी विचारलं आहे: ‘सोयाबीन उगवलं नाही की आम्ही म्हणतो, बियाणं सदोष होतं. मग पेपरात येतो तो सदोष मनुष्यवध काय? वधात कसली खोट? आणि निर्दोष मनुष्यवध असतो का?’

शंका रास्त आहे. हा ‘सदोष’ इंग्रजी ‘कल्पेबल’साठी योजलेला आहे. लॅटिनमध्ये ‘कुल्पा’ म्हणजे दोष. त्यावरून कल्पेबल म्हणजे ज्याच्याकडे दोष जातो ते. मराठीत ‘दोष’ दोन्हीकडे चालतो: वस्तूतली खोट आणि माणसाला लागणारा बोल. ‘निर्दोष’ने दोन्ही अर्थ सांभाळले. निर्दोष उच्चार म्हणतो, आणि आरोपीही निर्दोष सुटतो. ‘सदोष’ मात्र रोजच्या बोलण्यात खोटीपुरताच उरला: सदोष बियाणं, सदोष मीटर. दुसरा अर्थ कायद्याने धरून ठेवला, म्हणून वाचताना अडखळायला होतं. हिंदीत ‘आपराधिक मानव वध’ म्हणतात, तिथे हा घोळ नाही.

याहून मोठी गफलत म्हणजे ‘सदोष’ला ‘चुकून झालेला’ समजणं. अर्थ जवळजवळ उलटा आहे. बांधाच्या भांडणात, मरण ओढवू शकतं हे ठाऊक असून डोक्यात काठी घातली आणि माणूस दगावला, तर तो सदोष मनुष्यवध. हेतू आणखी पक्का ठरला तर खून. ट्रॅक्टर बेफाम हाकून कुणाचा जीव गेला, तर ती सहसा हयगय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम १०० मध्ये आहे. खून न ठरणाऱ्या अशा वधाची शिक्षा १०५ मध्ये, हयगयीने झालेल्या मृत्यूची १०६ मध्ये. जुन्या दंडविधानात हेच अनुक्रमे २९९, ३०४ आणि ३०४-अ. आणि हो, दोष न लागणारा मनुष्यवधही असतो: स्वसंरक्षणाच्या हक्काच्या मर्यादेत राहून घडलेला.

कायद्याबाहेर कल्पेबलला सरसकट ‘दोषी’ लिहू नये. ‘दोषी’ म्हटलं की कोर्टाचा निकाल लागला असं वाटतं. चौकशी समितीने एखाद्या अभियंत्याला कल्पेबल ठरवलं, तर मराठीत ‘अभियंत्यावर ठपका ठेवला’ हेच नेमकं. काम टाळल्याचा दोष असेल तर ‘कर्तव्यात कसूर केली’. निजामाच्या काळात कारभार उर्दूत चाले, त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना ‘कसूरवार’ही परका नाही; कल्पेबलच्या तो फार जवळ बसतो.