तबला क्लासची जाहिरात मुलांनीच ऑनलाइन करायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा क्लास पंचवटीत आहे आणि मुलंच इन्स्टाग्राम पेज चालवू म्हणतायत, तर जरूर चालवू द्या. फक्त आधी गूगल मॅप्सवर क्लासची नोंद करा. ती मोफत होते, पडताळणी मात्र पूर्ण करावी लागते. पालक ‘जवळचा तबला क्लास’ असंच शोधतात, रील नंतर बघतात.

अकाउंट सरांच्या किंवा एखाद्या पालकाच्या नंबरवर असू द्या. इन्स्टाग्रामला किमान वय 13 लागतं; शिवाय दहावी झाली की मुलं क्लास सोडतात आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. आमच्या क्लासचं पहिलं पेज असंच गेलं, फार वाईट वाटलं.

टाकायचं काय? ‘प्रवेश सुरू’ची पोस्टर्स नकोत. हातोडीनं गट्टे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत तबला सुरात लावणारी मुलगी दाखवा. ‘तिरकिट’ या बोलाला बोटं अडखळणारा मुलगा आणि महिन्याभरानं तोच तीनतालाच्या सोळा मात्रा नीट धरून वाजवताना, हे दोन व्हिडिओ शेजारी ठेवा. मला तरी याहून चांगली जाहिरात माहीत नाही. आवाज मात्र स्वच्छ हवा, पंखा बंद करूनच रेकॉर्ड करा.

मुलांचे चेहरे दाखवण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्याच. शाळेचा गणवेश, घरचा पत्ता फ्रेममध्ये येऊ देऊ नका.