121 किलोची ऐरण आणि हिरवा रंग

प्रश्न : नमस्कार दादा, मी भांडुपला राहतो, मित्राच्या गाळ्यात सुट्टीच्या दिवशी सुऱ्या, विळे बनवायचा नाद लागलाय. आत्तापर्यंत रुळाच्या तुकड्यावर भागवलं. परवा दारूखान्यात (मुंबईतला भंगार बाजार) एक जुनी ऐरण दिसली, बाजूला 1 2 10 असे आकडे आहेत. दुकानदार म्हणतो इंग्रजांच्या काळातली आहे, 121 किलो, 150 रुपये किलोने 18,150. हातोडीने वाजवली तर आवाज अगदी बद्द आला, वरून ताजा हिरवा रंग मारलाय. घेऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आधी काट्यावर चढवा मालक! भंगारवाल्याकडे काटा नाही असं होतच नाही. जुन्या इंग्लिश ऐरणींवर वजन हंड्रेडवेटमध्ये असायचं, म्हणजे पहिला आकडा गुणिले 112 पौंड, दुसरा गुणिले 28 आणि तिसरा सुटे पौंड. तुमच्या ऐरणीचे झाले 112 अधिक 56 अधिक 10, एकूण 178 पौंड, म्हणजे जेमतेम 81 किलो. त्याच्याच भावाने 12,150 होतात, सहा हजार तर इथेच सुटले. तो फसवतोय असंही नाही, बहुतेक त्यालाही ते आकडे कळलेले नसणार.

आता आवाज. ऐरण भंगाराच्या ढिगात रुतलेली होती का? तशी असेल तर चांगली ऐरणसुद्धा बद्द वाजते, लाकडी ठोकळ्यावर उभी करून परत वाजवा. ठण्ण करून आवाज लांबला तर छान. तरीही बद्दच आला तर एकतर अख्खी बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे किंवा कुठेतरी तडा गेलाय, किंवा वरची पोलादी पट्टी खालच्या अंगापासून सुटत चाललीये. काही कंपन्यांच्या ऐरणी बिडाच्या अंगावर पोलादी पट्टी बसवलेल्या असायच्या, त्या मुळातच वाजत नाहीत पण कामाला उत्तम, त्यामुळे नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

खरी परीक्षा उसळीची. बेअरिंगच्या दुकानातून 25 मिमीची एक गोळी घ्या, बाजूला स्टीलची फूटपट्टी उभी धरा आणि 30 सेंटीमीटरवरून गोळी सोडा. 21 ते 24 सेंटीमीटरपर्यंत परत आली तर पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) अजून शाबूत आहे, 15 च्या खाली राहिली तर ऐरण कधीतरी आगीत सापडलेली असू शकते किंवा मुळातच मऊ आहे, सोडून द्या. एकाच जागी नाही, पूर्ण माथ्यावर चार-पाच ठिकाणी बघा, मधेच एखाद्या ठिकाणी गोळी मेल्यासारखी पडली तर तिथे खाली पट्टी सुटलेली असते. चोच (पुढचं निमुळतं टोक) आणि चोचीलगतची खालची पायरी मात्र मुद्दामच मऊ ठेवलेली असते, तिथे गोळी टाकून घाबरू नका. गोळी नसेल तर जुनी कानस फिरवा (दुकानदाराला विचारून हं!), नुसती घसरली तर माथा कडक, चावली तर मऊ.

हिरव्या रंगाचं मला जास्त टेन्शन आलं. मी स्वतः एकदा असाच चकचकीत माल उचलला, घरी वायर ब्रश मारला तर आतून लांबी (भेगा बुजवायचा लेप) निघाली, लांबीखाली कंबरेजवळ, म्हणजे ऐरणीच्या मधल्या बारीक भागाजवळ, बोटभर तडा आणि पैसे तर परत मिळायचे नव्हतेच. म्हणून कंबर, पट्टीचा सांधा आणि माथ्यावरच्या चौकोनी भोकाचे कोपरे, एवढ्या तीन जागचा रंग खरवडून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा. कडा थोड्या तुटलेल्या, माथा मधे किंचित खोलगट, हे चालतं. उलट माथा आरशासारखा सपाट असेल तर विचारा की मशीनवर घासलाय का, कारण घासून घासून पोलादी थर पातळ होतो आणि तो परत चढत नाही.

आणि तो रुळाचा तुकडा कुठून आणलात ते इथे लिहू नका, रेल्वेचा चोरीचा माल जवळ बाळगणं 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, बिलाचा असेल तर प्रश्नच नाही. ऐरण घ्यायचीच ठरली तर भाव झाल्यावर टेम्पोचं भाडं आणि चढवायला दोन माणसं त्याच्याच गळ्यात मारा, 81 किलो म्हणजे गंमत नाही.