भिंतीवरचे पाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील निसर्गचित्रे आणि मनःस्वास्थ्य यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर माझे पती गेले काही आठवडे अंथरुणावर आहेत. पलंगासमोर कोरी पांढरी भिंत आहे आणि खोलीतील एकुलत्या एका खिडकीत कूलर बसवलेला आहे. रत्नागिरीला असलेली आमची मुलगी म्हणते की, समोर समुद्राचे मोठे चित्र लावा, बाबांचे मन शांत राहील. चित्राने खरोखर काही फरक पडतो, की ही दुकानदारांनी उठवलेली हूल आहे?
एक वाचिका, मनीषनगर

उत्तर : फरक पडतो, मात्र विकणारे सांगतात तेवढा नाही, आणि कोणतेही चित्र लावले तरी पडतो असेही नाही. या विषयातील सर्वांत परिचित अभ्यास रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकांचा आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांनी सारख्या रुग्णांच्या २३ जोड्या जुळवल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले, आणि पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा हवाला आज प्रत्येक जाहिरातीत दिला जातो, पण त्यातील फरक पाऊण दिवसाचा होता आणि तो खिडकीचा होता, चित्राचा नव्हे, हे सहसा कोणी सांगत नाही.

चित्राविषयीचा पुरावा त्यानंतर आला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसमोर उलरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी चित्रे लावून पाहिली. झाडे आणि मोकळे पाणी असलेल्या दृश्यासमोरील रुग्णांची चिंता कमी झाली, तर सरळ रेषांच्या अमूर्त चित्रासमोरील रुग्ण कोणतेही चित्र नसलेल्या रुग्णांपेक्षाही अधिक अस्वस्थ राहिले. म्हणजे चुकीचे चित्र लावण्यापेक्षा कोरी भिंत बरी.

आपल्या पत्रातील कूलरचा उल्लेख मला अधिक महत्त्वाचा वाटला. नागपुरात होळी आटोपली की खिडकीत कूलर चढतो, उरलेल्या खिडक्यांवर जाड पडदे ओढले जातात आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत घराला बाहेरचे जग जवळजवळ दिसतच नाही. पारा पंचेचाळीस अंशांवर गेलेला असताना दुसरा इलाजही नसतो. परंतु त्यामुळे जो माणूस दिवसभर घरात पडून आहे त्याच्या वाट्याची झाडे आणि आकाश वर्षातील तीन महिने हिरावले जाते. या तीन महिन्यांसाठी चित्र हा चांगला आधार आहे. पावसाळा लागला की मात्र कूलर काढून पलंग खिडकीकडे वळवावा. समोर एखादे कडुनिंबाचे झाड असेल, तर ते कोणत्याही चित्राहून अधिक उपयोगी ठरेल.

निवड करताना क्षितिज रुंद असावे, पाणी संथ असावे, आकाशाला भरपूर जागा असावी आणि पाहणाऱ्याला जिथे मनाने उभे राहता येईल असा काठ, झाड किंवा पायवाट पुढच्या भागात असावी. जे अॅपलटन या भूगोलतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडले होते की, जिथून दूरवर दिसते आणि जिथे पाठीशी आडोसाही असतो, अशी जागा माणसाला स्वभावतः आवडते. किनाऱ्याच्या चांगल्या चित्रात या दोन्ही गोष्टी असतात. खवळलेल्या लाटा आणि कलंडलेली होडी असलेले चित्र कितीही नामांकित असले, तरी ते आजाऱ्यासमोर नको.

चित्राची उंची ठरवण्यासाठी आपण स्वतः त्या पलंगावर उशीवर डोके ठेवून आडवे व्हावे आणि कोणाला तरी भिंतीवर वर्तमानपत्राचे पान धरून वरखाली सरकवायला सांगावे. मान न उचलता जिथे नजर सहज टेकते तिथे खूण करावी. काचेत ट्यूबलाइट चमकत असेल, तर चकाकी नसलेली काच किंवा कॅनव्हास घ्यावा. आणि सर्वांत आधी, चित्र कोणते हवे हे आपल्या यजमानांनाच विचारावे. ज्याला कूस बदलणेही कठीण आहे, त्याच्यासमोर दुसऱ्याची आवड कायमची टांगणे योग्य नाही, मग ती आवड लेकीची का असेना.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी समुद्रकाठी राहिलेले नाही. जो तो समुद्राचेच चित्र सुचवतो. आपल्या विदर्भातील तलावांनी काय घोडे मारले आहे?
एक वाचक, महाल

उत्तर : काहीही नाही. समृद्धी महामार्गाने गेले तरी मुंबईचा समुद्र येथून सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि शांत वाटण्यासाठी खारे पाणीच पाहिजे असे कोणत्याही संशोधनात म्हटलेले नाही. ब्रिटनमध्ये मॅथ्यू व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० छायाचित्रे लोकांना दाखवून मते घेतली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाणी असलेली दृश्ये लोकांना अधिक आवडली आणि अधिक विसावा देणारी वाटली. इतकेच काय, पाणी असलेली शहरी दृश्येदेखील पाणी नसलेल्या हिरव्या दृश्यांच्या तोडीस तोड ठरली. त्यांत समुद्रही होता आणि तळी-नद्याही होत्या.

तेव्हा अंबाझरी, फुटाळा, रामटेकजवळचे खिंडसी किंवा गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध यांपैकी कोणतेही चित्र चालेल. माझ्या मते तर ते अधिक चालेल, कारण त्यासोबत आपल्या आठवणीही भिंतीवर येतात. महाराष्ट्रातील चित्रकारांनीही घराजवळचे पाणी पुष्कळ रंगवले आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहमान यांनी रंकाळा आणि कोटीतीर्थ यांची चित्रे काढली, ती पाहताना समुद्राची उणीव भासत नाही. फुटाळ्याचे चित्र घेताना फक्त एवढे पाहावे की, ते पहाटेचे असावे. रविवारच्या संध्याकाळी तिथे जी गर्दी आणि भुट्ट्यांच्या गाड्या असतात, त्यांचे चित्र सुंदर होईल, पण विश्रांती देणार नाही. मिशिगन विद्यापीठातील रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी याची कारणमीमांसा केली आहे: दिवसभर मुद्दाम एकाग्र केलेले लक्ष थकते आणि जे पाहताना जोर लावावा लागत नाही, अशा दृश्यात ते विसावते. ढग, पाण्यावरचे तरंग, हलणारी पाने ही अशी दृश्ये होत. गर्दी मात्र लक्ष ओढून घेते. त्याच विद्यापीठात २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात निसर्गाची नुसती छायाचित्रे पाहिल्यानंतरही आकडे उलट क्रमाने सांगण्यासारख्या चाचण्यांत लोकांची कामगिरी सुधारली होती.

छापील कॅनव्हासऐवजी मूळ चित्र हवे असल्यास शासकीय चित्रकला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे काम एकदा पाहून यावे.

प्रश्न : मला अमूर्त चित्रे आवडतात. त्यांनी अस्वस्थता वाढते असे वाचले. ती काढून टाकावीत का?
एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नको. ज्या अभ्यासावरून हे सांगितले जाते, त्यातील चित्र सरळ रेषांचे होते आणि ते पाहणारे लोक हृदयाच्या शस्त्रक्रियेतून नुकतेच बाहेर आले होते. आपल्या दिवाणखान्याला तो नियम लावता येत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपुरातच झाला. रोलर आणि चाकूने पसरलेल्या पातळ रंगाच्या थरांतून त्यांनी उभी केलेली चित्रे पाहताना धुके किंवा खोल पाणी पाहत असल्याचा भास अनेकांना होतो, आणि त्यांत एकही वस्तू ओळखू येत नाही. आपल्याला जे चित्र आवडते ते राहू द्यावे.

प्रश्न : मी घरूनच काम करतो. चित्र विकत घेण्याऐवजी टीव्हीवर समुद्राच्या लाटांचा व्हिडिओ दिवसभर चालू ठेवला, तर अधिक परिणाम होईल ना? त्यात हालचाल आणि आवाजही असतो.
एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तसे दिसत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान यांनी ९० जणांवर प्रयोग केला होता. काहींच्या टेबलासमोर खरी खिडकी होती, काहींसमोर तेच दृश्य थेट दाखवणारा मोठा प्लाझ्मा पडदा होता आणि काहींसमोर कोरी भिंत होती. किंचित ताणानंतर हृदयाचे ठोके पूर्ववत होण्यास खऱ्या खिडकीने मदत केली. पडदा आणि कोरी भिंत यांत काहीच फरक आढळला नाही. शिवाय आपण दिवसभर एका पडद्याकडे पाहणार आणि विसाव्यासाठी दुसऱ्याकडे वळणार, यात डोळ्यांना सुट्टी कोठे मिळाली? संगणकाचे टेबल खिडकीला काटकोनात ठेवावे, मान वळवली की बाहेरचे दिसावे, आणि चित्र लावायचेच असेल तर ते संगणकाच्या मागे न लावता जिथे चहा घेऊन बसता त्या जागेसमोर लावावे.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, शयनगृहात पाण्याचे चित्र वास्तुशास्त्रानुसार चालत नाही, ते उत्तरेला किंवा ईशान्येला हवे. काय करावे?
एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : बैठकीच्या उत्तरेकडील भिंतीवर लावावे. ज्या चित्रावरून रोज वाद होईल, ते कोणालाच शांत करणार नाही. शयनगृहासाठी झाडांचे किंवा डोंगराचे चित्र निवडावे, त्याबद्दल सासूबाईंची तक्रार नसावी.

प्रश्न : माझी धाकटी बहीण काही महिन्यांपासून उदास आहे, झोपत नाही, जेवत नाही. तिच्या खोलीसाठी समुद्राचे चित्र भेट द्यावे का?
एक वाचिका, जरीपटका

उत्तर : भेट अवश्य द्यावी, पण उपचार म्हणून नव्हे. इतके दिवस झोप आणि भूक गेली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. पहिले पाऊल अवघड वाटत असल्यास केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही बोलता येते. चित्र निवडताना बहिणीला सोबत न्यावे. बुडण्याशी किंवा एखाद्या वियोगाशी जोडलेली आठवण तिच्या मनात असेल, तर पाणी टाळावे.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या खोलीतील जलरंगाच्या चित्रावर तपकिरी ठिपके पडले. ते वाचेल का?
एक वाचक, नंदनवन

उत्तर : ते बुरशीचे डाग असावेत. कूलरची दमट हवा थेट चित्रावर येत असेल आणि कागद काचेला चिकटलेला असेल, तर असे होते. डाग घरी पुसू नयेत, त्याने रंग निघतो. चित्र फ्रेममधून काढून सावलीत कोरडे होऊ द्यावे आणि मौल्यवान असल्यास जतनतज्ज्ञाला दाखवावे. पुन्हा फ्रेम करताना आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वापरावा, म्हणजे काच आणि कागद यांत अंतर राहते, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावाव्यात, म्हणजे भिंतीकडून हवा खेळेल. दुपारचे ऊन येणारी पश्चिमेची भिंतही टाळावी, कारण जलरंगातील निळा आणि गुलाबी उन्हाने लवकर उडू शकतात. हे जमत नसल्यास मार्च ते जून चित्र दुसऱ्या खोलीत हलवावे.