लेक निघाली फ्लोरेन्सला, झोप उडाली आईची

«नमस्कार ताई. आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, मिलानला डिझाइन शिकते. येत्या शुक्रवारी संध्याकाळी ती फ्लोरेन्सला निघणार, रविवारी रात्री परत. बरोबर दोन मैत्रिणी आणि दोन मित्र, सगळ्यांनी मिळून एकच फ्लॅट घेतलाय. "आई, तिकिटं काढली" असं तिने सांगितलं, विचारलं नाही. यजमान म्हणतात, जाऊ दे. सासूबाई कोल्हापूरला असतात, त्या फोनवर म्हणाल्या, "परक्या गावात, परक्या पोरांबरोबर?" तेव्हापासून मला झोप नाही. नाही म्हणू का? आणि म्हणायचं तर कोणत्या तोंडाने?»

तिकिटं निघालीत, तेव्हा पाठवायचं की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. तिने विचारलं नाही हे तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतंच. पण तिने लपवलंही नाही. कोण कोण आहे, कुठे उतरणार, मुलगे आहेत, सगळं आपणहून सांगून मोकळी झाली. आज तुम्ही नाही म्हणालात तरी ती जाईल, फक्त पुढच्या वेळी तुमच्यासाठी ती «मैत्रिणीकडे अभ्यासाला» गेलेली असेल. ते तुम्हाला चालणार आहे का?

तुमची काळजी फ्लोरेन्सची नाही, त्या फ्लॅटची आहे. पाच जणांत एक फ्लॅट घेतला की भाडं परवडतं, एवढं साधं गणित त्यामागे असतं. मिलानमध्ये तरी वेगळं काय चाललंय? तिथेही स्वयंपाकघर, बाथरूम चार अनोळखी मुलामुलींत वाटून घेतलेली असतात. म्हणून «मुलं का बरोबर» हे विचारून काही हाती लागणार नाही. त्यापेक्षा कोण कोणत्या खोलीत झोपणार हे ठरलंय का, आणि ते तुला स्वतःला पटलंय का, एवढं विचारा. «तुला» या शब्दावर जोर देऊन.

दुसरं, तिच्या खात्यात थोडे जास्तीचे पैसे टाका आणि ते कशासाठी आहेत हे स्पष्ट सांगा. वातावरण बिघडलं, कुणी फार प्यायलं, कुणाशी बिनसलं, काहीही झालं तरी रात्री अकरा वाजतासुद्धा तिने आपली बॅग उचलून दुसरीकडे खोली घ्यावी किंवा सकाळच्या पहिल्या गाडीने परत यावं. त्या पैशांचा हिशेब तुम्ही मागणार नाही आणि «मी सांगत होते ना» हे वाक्यही ऐकवणार नाही. मुली नको त्या ठिकाणी थांबून राहतात, कारण परत फिरलं तर घरी काय सांगायचं याचीच त्यांना धास्ती असते. ती धास्ती तुम्हाला काढून टाकता येते. दारूचंही एकदा मोकळेपणाने बोलून घ्या. इटलीत अठरा पूर्ण झाली की दारू विकत मिळते, तेव्हा डोळे झाकून घेण्यात अर्थ नाही.

आता प्रवासाचं. मिलानहून फ्लोरेन्स जलद गाडीने दोन तासांच्या आतबाहेर, आपलं मुंबई-पुणे त्याहून दमवतं. उतरायचं स्टेशन सान्ता मारिया नोव्हेल्ला, तिकिटावर तेच आहे ना हे तिला बघायला सांगा, कारण फ्लोरेन्सला काम्पो दी मार्ते आणि रिफ्रेदी अशी आणखीही स्टेशनं आहेत. मिलानलाही सगळ्या गाड्या चेन्त्राले स्टेशनातून सुटत नाहीत. फ्रेच्चारोस्सा किंवा इतालो या जलद गाड्यांचं तिकीट त्या ठरलेल्या गाडीचंच असतं. स्वस्तात काढलेलं असेल तर गाडी चुकली की बहुधा पैसे गेलेच. शनिवारी कुणीतरी «चला पिसाला» म्हणेलच, ते तासाभराचं अंतर आहे. त्या लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो. निघण्याआधी त्या दिवशी रेल्वेचा संप नाही ना हेही बघायला हवं. इटलीत संप आधी जाहीर होतात आणि शुक्रवार हा त्यांचा आवडता वार आहे.

पोरांपैकी कुणी «गाडी भाड्याने घेऊ, स्वस्त पडेल» म्हणत असेल तर त्याला तिथेच गप्प करा. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

कागदपत्रांत मूळ पासपोर्ट किंवा ओळखपत्र जवळ हवंच, फोनमधल्या फोटोवर भागत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक पाहुण्याची नोंद घरमालकाला पोलिसांकडे करावी लागते. शहराचा प्रवासी करही माणशी, रात्रीमागे वेगळा द्यावा लागतो, तेव्हा तो कुणी आगाऊ भरलाय का ते विचारून ठेवावं. ज्यांची मुलं भारतातून थेट इटलीला शिकायला गेलीत त्यांच्यासाठी जाता जाता एक: निवास परवान्याची नुसती पोचपावती हातात असेल आणि व्हिसा संपला असेल, तर इटलीत खुशाल फिरावं, पण मिलानहून जवळ म्हणून स्वित्झर्लंडमध्ये डोकावून येण्याचा बेत करू नये.

तुमच्या मुलीकडे डच पासपोर्ट असेल तर उफ्फीत्सी आणि अकादेमिया या सरकारी संग्रहालयांचं तिकीट तिला दोन युरोत मिळेल, वर आरक्षणाचे काय ते. युरोपियन युनियनच्या 18 ते 25 वयाच्या नागरिकांना ती सवलत आहे. बरोबर भारतीय पासपोर्टवाला मित्र असला तर त्याला पूर्ण पैसे पडतील, त्यामुळे «सगळ्यांची तिकिटं मी काढते» म्हणताना तिने जपून. सोमवारी दोन्ही बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण मग रांगेतच दुपार जाते. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट या सवलतीत बसत नाही. तो 1436 साली पुरा झाला, वर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि वेळ आधी आरक्षित केल्याशिवाय सोडत नाहीत. एकोणिसाव्या वर्षी चढायचं नाही तर कधी? कॅथेड्रलच्या आत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून एक ओढणी बॅगेत टाकायला सांगा. आईच्या सूचनांपैकी तेवढी एक ती बिनबोभाट ऐकेल.

खाण्यापिण्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण सासूबाई विचारतील. घरात गोमांस चालत नसेल तर «लाम्प्रेदोत्तो» हे नाव तिला सांगून ठेवा. हातगाड्यांवर पावात भरून मिळतं, वास छान येतो आणि ते गायीचं पोट असतं. टोमॅटो आणि शिळ्या पावाचं «पाप्पा अल पोमोदोरो» मात्र पोटभर खावं. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी, टेबलावर बसलं की भाव वाढतो.

आता सासूबाई. त्यांच्याशी खोटं बोलू नका, आणि त्यांना फ्लोरेन्स परकं गाव वाटत असेल तर कोल्हापूरकरांनाच सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरचे दुसरे राजाराम, 1870 साली इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. ख्रिस्ती शहरात दहन म्हणजे तेव्हा अजबच प्रकार, पण खास परवानगी मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी 1874 साली छत्री उभारून खाली त्यांचा रंगवलेला अर्धपुतळा बसवला. छत्री चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाची, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. शेजारून 1970 च्या दशकात मोठा पूल झाला, त्यालाही त्या «भारतीया»चंच नाव आहे. आज त्या पुलावरून रोज जाणाऱ्या फ्लोरेन्सकरांपैकी किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल देव जाणे.

मृत्यूची गोष्ट आहे, त्यामुळे सासूबाईंना सांगताना सुरुवात पुतळ्यापासून करा! जमलं तर मुलीने तिथून आजीला व्हिडिओ कॉल लावावा. जागा काशीने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. बाग लांबच लांब आहे, म्हणून उजेडात जावं. अंधार पडल्यावर त्या बागेत रेंगाळण्यासारखं नाही, ही सूचना मात्र ठामपणे द्या.

बरोबरच्या चौघांपैकी एकाचा फोन नंबर आणि फ्लॅटचा पत्ता तेवढा मागून घ्या. आपत्कालीन नंबर 112, आरोग्य विम्याचं युरोपियन कार्ड पाकिटात. निरोप दोनच ठरवा: शुक्रवारी रात्री «पोचलो» आणि रविवारी «गाडीत बसलो». अखंड लोकेशन बघत बसलात तर तिचा फोन मधेच बंद पडेल, कारण दिवसभर फोटो काढून बॅटरी संपते, आणि इकडे तुम्ही यजमानांना पहाटे तीनला उठवाल. सोमवारी फोन आला की कोण कुठे झोपलं याची चौकशी नको. घुमट चढलीस का आणि आजीला फोटो पाठवलास का, ते विचारा. बाकीचं तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.