ध्यान करताना मेंदूत खरंच काही घडतं, की तो नुसता मनाचा समज?

घडतं, आणि ते मोजताही आलंय. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अँटोइन लुट्झ आणि रिचर्ड डेव्हिडसन या मेंदूसंशोधकांनी आठ बौद्ध साधकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढला. प्रत्येकाची साधना १० ते ५० हजार तासांची. करुणेच्या ध्यानात शिरताच त्यांच्या मेंदूत गॅमा लहरी (सेकंदाला साधारण २५ ते ४२) जोरात उसळल्या. आठवडाभर शिकलेल्या विद्यार्थ्यांत मात्र जेमतेम वाढ. म्हणजे ध्यान म्हणजे झोप नव्हे, मेंदू तेव्हा चांगलाच जागा असतो! साधकांत या लहरी ध्यानाआधीच जास्त होत्या, त्यामुळे सगळं श्रेय साधनेलाच द्यायची घाई मी करणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. आपण रिकामे असलो की मेंदूचं एक जाळं 'माझं काय, उद्याचं काय' करत फिरत राहतं. त्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. अमेरिकी मेंदूसंशोधक जडसन ब्रुअर यांच्या २०११ च्या अभ्यासात अनुभवी साधकांमध्ये त्याचे मुख्य भाग शांत दिसले.

आमच्या भुसावळहून बरेच जण इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जातात, मीही गेलो होतो. नाकपुडीशी गार श्वास जाणवतो न जाणवतो, तोच मन कापसाच्या भावावर! ते ओळखून परत श्वासावर आणायचं, दिवसभर तेच. चौथ्या दिवशी मनाचं पळणं मला पळतानाच दिसायला लागलं.