मैदानाचं आरक्षण उठवण्याचा विषय मुख्य सभेपुढे आलाय, आता नागरिकांच्या हातात काय उरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेवर पुण्याच्या डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात, मैदानाचं आरक्षण आहे. ते उठवून जागा निवासी करायचा विषय महापालिकेच्या मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर आलाय, नगरसेवक नुसते "बघू" म्हणतायत, आणि ठराव झाला की सगळं संपलं अशी तुम्हाला धास्ती आहे.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशांचं काम करतो, त्यामुळे या फायली रोज हाताखालून जातात. आमच्या भागातल्या मोहल्ला कमिटीतही बसतो. त्या अनुभवावरून सांगतो, मुख्य सभेच्या ठरावाने काहीही संपत नाही. मंजूर आराखड्यात असा बदल होतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली. विषय आधी शहर सुधारणा समितीत येतो, मग मुख्य सभेत. त्यानंतर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून महिनाभर हरकती-सूचना मागवाव्या लागतात, हरकत घेणाऱ्यांची सुनावणी घ्यावी लागते, मग प्रस्ताव मुंबईला नगरविकास विभागाकडे जातो. शेवटची सही राज्य शासनाची. आणि या कलमात एक अट आहे, ती हरकतीत जरूर लिहा: बदल असा हवा की त्यामुळे आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही.

मुख्य सभेत भाषणं ऐकून मत फिरलंय असं मी फारसं पाहिलेलं नाही. गटनेत्यांच्या बैठकीत विषय ठरतो, सभेत उपसूचना येते, "एकमताने मंजूर" होतो किंवा "तहकूब" होतो. मार्च २०२२ मध्ये मागच्या सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुका होईपर्यंत तर सभागृहच नव्हतं, समितीही प्रशासक आणि मुख्य सभाही प्रशासक. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तुमची सगळी ताकद रेकॉर्डवर लावा. मत आज जाईल त्या बाजूला जाईल, पण आवक शिक्का असलेला कागद फायलीत राहतो आणि पुढे वाचला जातो.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. प्रभात रस्त्यावरच्या एका भूखंडावर प्राथमिक शाळेचं आरक्षण होतं. नव्वदच्या दशकात याच कलम ३७ चा वापर करून ते उठवलं गेलं, जागा निवासी झाली आणि तिथे बहुमजली इमारत उभी राहिली. विकसक तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे जावई होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे मूळ फायली मागवल्या गेल्या, कोणत्या तारखेला कोणी काय टिपणी लिहिली ते वाचलं गेलं, आणि १९९९ साली न्यायालयाने तो बदल बेकायदा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय उचलून धरला. इमारत बांधून झाली होती, तरीही.

आपल्या घरासमोरच्या जागेबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर १९९१ चा बंगळुरूचा निकाल सांगा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. शेजारी राहणारे लोक न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अधिकार मान्य केला आणि जागेचं वाटप रद्द ठरवलं.

आता हरकत कशी लिहायची. २०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीच्या (नंतर समाविष्ट झालेली गावं सोडून) प्रारूप आराखड्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या. सुनावणीसाठी समिती होती सात जणांची. इतक्या ढिगात एकाच मजकुराचा छापील गठ्ठा आला की तो एक मुद्दा म्हणून निकाली निघतो. "आमचा विरोध आहे" या वाक्याला वजन नसतं. आमच्या भागातल्या अशाच एका सुनावणीत एका निवृत्त शिक्षिकेची हरकत सगळ्यात नीट ऐकली गेली. त्यांच्या कागदावर वर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर होता, सोबत झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापराची ते सांगणारा) आणि भाग नकाशा जोडला होता. त्या नकाशावर त्यांनी हिरव्या पेन्सिलीने अर्ध्या किलोमीटरच्या आतली मैदानाची सगळी आरक्षणं रंगवली होती, आणि त्यातली जी आधीच उठली त्यांच्यावर काट मारली होती. शेवटी दोनच ओळी: या भागात आता हे एकच मैदान उरतं, पर्यायी जागा कुठली ते प्रस्तावात दाखवा. अधिकाऱ्याने मान वर करून नकाशा जवळ ओढून घेतला. हे असं करा. प्रत्येक घरातून वेगळी, आपल्या शब्दांत लिहिलेली हरकत द्या आणि पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिचीच एक प्रत नगररचना सहसंचालकांना आणि नगरविकास विभागाला पाठवा.

फाईल बघायला माहिती अधिकारात अर्ज करून महिनाभर थांबायची गरज नसते. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत असं परिपत्रक राज्य शासनाने २०१८ साली काढलंय. जा आणि आयुक्तांचा अभिप्राय शोधा. प्रशासनाने बदलाला नकार दिला असेल आणि तरी सभेने तो मंजूर केला, तर तो नकार तुमच्या हरकतीचा पाया होतो. ठराव कायद्याविरुद्ध असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन तो विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. आयुक्तांनी तसा प्रस्ताव पाठवावा, अशी लेखी मागणीही करून ठेवा.

एक गोष्ट मात्र मला जास्त सतावते. बहुतेक आरक्षणं ठरावाने जातच नाहीत, पैसे न ठेवल्याने जातात. आराखडा मंजूर होऊन १० वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्या दिशेने पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे रद्द. नुसता ठराव करून पाऊल उचललं असं म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगितलंय. जुन्या हद्दीचा सध्याचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. म्हणजे जागा जुन्या हद्दीत असेल तर ती १० वर्षं जानेवारी २०२७ ला भरतात. नोटीस आली आहे का, हे भूसंपादन विभागात आजच विचारा.

इथे मालकाची बाजूही मला खोटी वाटत नाही. ज्याच्या सातबाऱ्यावरची जमीन वर्षानुवर्षं रंगवून ठेवली आणि दमडी दिली नाही, त्याने किती थांबायचं? टीडीआर (पैशांऐवजी मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हटलं तर तो रोख मागतो, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर रोख मोबदला महापालिकेला झेपत नाही. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता, भूसंपादन होईना म्हणून तो ५० मीटरवर आणावा लागला. रस्त्याची ही गत, तर मैदानाला कोण विचारतो!

म्हणून नगरसेवकांना भेटाल तेव्हा "विरोध करा" एवढंच सांगून परतू नका. या जागेच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद सुचवा असं सांगा, आणि तरतूद झालीच तर वर्षअखेरीला तिचं वर्गीकरण होऊन ती दुसऱ्याच कामाला वळणार नाही यावर लक्ष ठेवा. बाकड्यांना आणि नामफलकांना स यादीत (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत) पैसे निघतात, तसे मैदानाला का निघू नयेत? मालकाशीही एकदा बोला. त्याला समायोजित आरक्षणाचा पर्याय मान्य असेल तर काही भाग त्याला बांधता येईल आणि बाकीचं मैदान महापालिकेला मिळेल. मला व्यक्तिशः पूर्ण मैदान हवं, पण तिथे तीस-चाळीस पोरं रोज खेळणार असतील तर मी अर्ध्यावरही तयार होईन.

सर्व्हे नंबर आणि डीपीचा शीट नंबर इथेच लिहा, हरकतीचा मसुदा मी वाचून देईन.