मुक्तिवेग: मुक्ती कशापासून, आणि वेग कोणाचा?

प्रश्न असा आहे: "एस्केप व्हेलॉसिटीला मराठीत मुक्तिवेग म्हणायचं की पलायनवेग? लिहिताना 'मुक्ति' ऱ्हस्व की दीर्घ? दिशेशी संबंध नसेल तर 'वेग' हा शब्द कसा चालतो? आणि 'रॉकेटचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किमी असतो' हे वाक्य बरोबर आहे का? रॉकेट तर जमिनीवरून उठताना चांगलंच रेंगाळतं."

'रॉकेटचा मुक्तिवेग' या वाक्यात दोन गफलती आहेत आणि खरी गंमत तिथेच आहे. पण आधी शब्दाचं उरकून घेऊ.

फेकलेली वस्तू परत खाली येऊ नये यासाठी लागणारा किमान वेग, त्याला मराठीत रुळलेला शब्द 'मुक्तिवेग'. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातही गुरुत्वाकर्षणाच्या प्रकरणात हाच आहे. 'पलायन वेग' हिंदी पाठ्यपुस्तकांतून येतो. चूक नाही, पण मराठीत 'पलायन' म्हटलं की पाठ दाखवून पळणं डोळ्यांसमोर येतं. पलायन कैदी करतो, यान करत नाही. फ्रेंचमध्येही या संज्ञेत 'लिबेरास्यों', म्हणजे मुक्तीच, आहे. रशियनांनी तर सुटकेचा विषयच काढला नाही. ते सरळ क्रमांक देतात: पृथ्वीभोवती फिरत राहण्यापुरता पहिला कॉस्मिक वेग, पृथ्वी सोडण्याचा दुसरा, सूर्यमाला सोडण्याचा तिसरा.

शुद्धलेखन: मुक्तिवेग, ऱ्हस्व. 'मुक्ती' एकटा असताना दीर्घ, पण तत्सम ऱ्हस्वान्त शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व राहतो. मुक्तिसंग्राम, भक्तिमार्ग, गतिरोधक, बुद्धिबळ या रांगेतच हा बसतो.

वेग की चाल? शास्त्राच्या मराठीत चाल म्हणजे नुसतं परिमाण आणि वेग म्हणजे दिशेसह परिमाण. त्या काट्यावर तोललं तर इथे 'चाल' हवी होती, कारण मुक्तिवेगाच्या सूत्रात दिशा येतच नाही. सरळ वर फेका किंवा तिरपं. वाटेत जमीन आडवी येत नसेल आणि हवेचा विरोध धरला नसेल तर लागणारा आकडा तोच. इंग्रजीतही काही भौतिकशास्त्रज्ञ याच कारणासाठी 'एस्केप स्पीड' म्हणतात. पण 'मुक्तिचाल' ऐकल्यावर आधी बुद्धिबळाचा पट नाहीतर भजनाची चाल आठवेल. रोजच्या मराठीत वाऱ्याला वेग असतो, रस्त्याला वेगमर्यादा असते. तिथे दिशा कोणी विचारत नाही. 'मुक्तिवेग' राहू द्यावा आणि तो सदिश नाही एवढं लक्षात ठेवावं.

आता 'मुक्ती'. हा शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवा. "पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून मुक्त होण्यासाठी लागणारा वेग" अशी व्याख्या सर्रास वाचायला मिळते आणि वाचणाऱ्याला वाटतं, ११.२ ओलांडले की ओढ संपली. ओढ कुठेच संपत नाही. अंतर दुप्पट झालं की चौथाई होते, दहापट झालं की शंभरावा भाग उरतो, शून्य कधीच होत नाही. ४०० किमी उंचीवरच्या अंतराळ स्थानकात माणसं तरंगतात, तिथेसुद्धा गुरुत्व त्वरण (पडताना दर सेकंदाला वाढणारा वेग, मीटर प्रतिसेकंदात) ८.७ आहे; जमिनीवर ९.८. मुक्ती मिळते ती परत येण्यापासून. व्याख्या अशी करावी: एकदा हा वेग दिला आणि पुढे कसलाही जोर लावला नाही, तरी वस्तू मंदावत जाईल पण थांबून मागे फिरणार नाही, असा किमान वेग.

हे ऊर्जेच्या हिशेबात नीट दिसतं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर पडलेली प्रत्येक एक किलो वस्तू जणू ६.२६ कोटी ज्यूलचं कर्ज डोक्यावर घेऊन बसलेली आहे. हीच तिची ऋण स्थितिज ऊर्जा. अनंत अंतरावर हे कर्ज शून्य होतं. फेकताना दिलेली गतिज ऊर्जा बरोबर तेवढीच असेल तर वाटेत सगळी खर्ची पडते आणि वस्तू अनंत अंतरावर जेमतेम पोचते. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. स्थितिज ऊर्जेचं परिमाण म्हणजे गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान गुणिले वस्तूचं वस्तुमान, भागिले केंद्रापासूनचं अंतर. दोन्ही समान मांडले की वस्तूचं वस्तुमान दोन्हीकडून उडून जातं आणि उरतं ते:

मुक्तिवेग = √(२ × गुरुत्व स्थिरांक × ग्रहाचं वस्तुमान ÷ केंद्रापासूनचं अंतर)

प्रश्नातल्या वाक्यातली पहिली गफलत इथे उघडी पडते. सूत्रात रॉकेट नाही. मुक्तिवेग रॉकेटचा नसतो; तो ग्रहाचा असतो आणि तोही एका ठरावीक जागेचा. एका रेणूला जितका लागतो तितकाच शंभर टनांच्या यानाला. ऊर्जा वेगळी लागेल, वेग तोच. म्हणून "पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा मुक्तिवेग ११.२" असं म्हणावं आणि रॉकेटने तो 'गाठला' किंवा 'ओलांडला' म्हणावं. जागा बदलली की आकडा बदलतो: ४०० किमी उंचीवर १०.८५, चंद्राइतक्या अंतरावर पृथ्वीपुरता विचार केला तर फक्त १.४४.

प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहू. (^ ही खूण घातांकाची.) गुरुत्व स्थिरांक ६.६७ × १०^-११, पृथ्वीचं वस्तुमान ५.९७ × १०^२४ किलोग्रॅम. गुणाकार साधारण ३.९८ × १०^१४. दुप्पट केली, ७.९६ × १०^१४. त्रिज्या ६३७१ किमी, म्हणजे ६.३७ × १०^६ मीटर. तिने भागलं की १.२५ × १०^८. वर्गमूळ ११,१८० च्या आसपास. उत्तर मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ११.२ किमी. ताशी काढलं तर ४० हजार किमीच्या थोडं वर. वस्तुमान माहीत नसेल पण पृष्ठभागावरचं गुरुत्व त्वरण माहीत असेल, तर √(२ × त्वरण × त्रिज्या) घ्यावं. मात्र त्वरण आणि त्रिज्या एकाच जागेची हवीत. वरच्या उंचीचं अंतर आणि जमिनीवरचं ९.८ अशी सरमिसळ केली की उत्तर वाढतं, आणि उंची वाढल्यावर मुक्तिवेगही वाढतो असा उफराटा निष्कर्ष निघतो.

चुका ठरलेल्या आहेत, आणि उत्तर पाहून कोणती झाली ते ओळखता येतं. साडेतीन लाख आले तर त्रिज्या किलोमीटरमध्येच राहिली. साडेबारा कोटी आले तर वर्गमूळ घ्यायचं राहिलं. ७.९ किमी आले तर एकतर २ विसरला किंवा त्रिज्येऐवजी व्यास घातला. दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं, आणि ते नेमकं पृष्ठभागालगतच्या वर्तुळाकार कक्षेच्या वेगाइतकं असल्यामुळे ओळखीचं वाटून खपूनही जातं. (मुक्तिवेग हा त्याच जागेच्या वर्तुळाकार कक्षीय वेगाच्या √२, म्हणजे १.४१४ पट.) आणि ४०० किमी उंचीसाठी ४४.६ किमी आले, तर अंतर केंद्रापासून न मोजता जमिनीपासून मोजलं.

दुसऱ्या ग्रहासाठी एवढे घातांक हाताळायची गरज नाही. वस्तुमान आणि त्रिज्या पृथ्वीच्या किती पट ते घ्या, भागाकार करा, वर्गमूळ काढा आणि ११.२ ने गुणा. मंगळ: ०.१०७ भागिले ०.५३२, वर्गमूळ ०.४४८, उत्तर ५.०. चंद्र: ०.०१२३ भागिले ०.२७३, उत्तर २.४. गुरू: ३१८ भागिले ११.२, उत्तर ५९ ते ६० च्या मध्ये. चंद्रावर हवा का टिकत नाही याचं बरंचसं उत्तर त्या २.४ मध्ये आहे. वायूच्या रेणूंची सरासरी चाल मुक्तिवेगाच्या साधारण सहाव्या भागाहून जास्त असेल तर तो वायू दीर्घकाळ टिकत नाही, असा ठोकताळा आहे. चंद्रासाठी ही मर्यादा सेकंदाला ४०० मीटर, आणि खोलीच्या तापमानाला नायट्रोजनचे रेणू ५०० च्या आसपास धावतात.

आता एक गोष्ट जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मुक्तिवेगाच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ५.६ किमीने, सरळ वर फेकलं तर वस्तू किती उंच जाईल? "बरीच लांब" असं वाटतं. उत्तर त्रिज्येचा तिसरा हिस्सा, जेमतेम २,१०० किमी. १० किमी वेग दिला तर केंद्रापासून सुमारे ३१,७०० किमी. ११.० दिला तर एकदम १ लाख ९३ हजार. ११.१ ला चार लाखांच्या पुढे, म्हणजे चंद्राच्या अंतरापलीकडे. (चंद्र-सूर्याची ओढ, हवा आणि पृथ्वीचं फिरणं बाजूला ठेवून.) कर्जाचे शेवटचे दोन-चार टक्के फेडताना अंतर असं झपाट्याने वाढतं. पलीकडच्या बाजूलाही तसंच. ११.२ च्या जागी १२.० दिले तर शिल्लक ०.८ राहत नाही. वर्गांची वजाबाकी करायची असते: १४४ वजा १२५, वर्गमूळ सुमारे ४.३. दूर गेल्यावर यानाकडे सेकंदाला ४.३ किमी उरतात. वेग सरळ वजा करणं ही इथली सगळ्यांत महागडी चूक.

दुसरी गफलत रॉकेटच्या रेंगाळण्याची. ११.२ हा आकडा फेकलेल्या दगडाचा आहे, पायथ्याशीच सगळा वेग मिळालेल्या वस्तूचा. इंजिन चालू असेपर्यंत तो लागू होत नाही. इंधन अखंड पुरलं तर ताशी १०० किमीनेही चंद्रापर्यंत जाता येईल. पुरत नाही हीच अडचण: सरळ वर जाताना दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद एवढा वेग नुसता गुरुत्वाला तोलण्यात जातो. म्हणून रॉकेट आधी वर चढून दाट हवेतून बाहेर पडतं, मग आडवं होऊन वेग घेतं. मुक्तिवेगाशी तुलना करायची ती इंजिन बंद झालं त्या क्षणी, त्या उंचीवर. दिशा सूत्रात नसली तरी व्यवहारात इथे येते: विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचे सेकंदाला ४६५ मीटर पूर्वेकडे निघालेल्याला फुकट मिळतात.

मंगळयानाचं उदाहरण याला चपखल आहे. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण झालं तेव्हा त्याला पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेतच ठेवलं होतं. ७ ते १६ नोव्हेंबरदरम्यान टप्प्याटप्प्याने कक्षा ताणत दूरचं टोक सुमारे १ लाख ९३ हजार किमीवर नेलं. जवळचं टोक २५० किमीच्या आसपास धरलं तर तिथला मुक्तिवेग १०.९७ आणि यानाचा तिथला वेग १०.८. पावणेदोनशे मीटर प्रतिसेकंदाचीच उणीव! १ डिसेंबरला इंजिन सुमारे २२ मिनिटं चालवून ६४८ मीटर प्रतिसेकंदाची भर घातली आणि यान पृथ्वीच्या हातून सुटलं. पावणेदोनशेच्या वरची सगळी भर दूर गेल्यावर कामी आली. तुम्हीच हिशेब करा: ११.४४ चा वर्ग वजा १०.९७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. तीनच्या थोडं वर येतं. उलट, जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्राकडे निघालं ते १०.८ च्या आसपास, तिथल्या मुक्तिवेगाच्या किंचित खाली. चंद्र पृथ्वीच्याच ताब्यात आहे, त्याच्याकडे जायला पृथ्वीपासून मुक्ती लागत नाही. "चंद्रावर जायला मुक्तिवेग ओलांडावा लागतो" हे वाक्य म्हणून लाल शाईने दुरुस्त करण्यासारखं आहे.

आणि पृथ्वीपासून सुटलं म्हणजे सगळ्यांपासून सुटलं असंही नाही. जानेवारी १९५९ मध्ये लूना १ हे यान पृथ्वीचा मुक्तिवेग ओलांडणारं पहिलं ठरलं, चंद्राला चुकवून पुढे गेलं आणि सूर्याभोवती फिरू लागलं. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याचा मुक्तिवेग ४२.१ आहे. पृथ्वीचे २९.८ आयते मिळतात, उरतात १२.३, ते पृथ्वीच्या ११.२ बरोबर वर्ग करून मिळवायचे, म्हणजे १६.६. रशियनांचा तिसरा कॉस्मिक वेग तो हाच. म्हणून लिहिताना 'कोणाचा' आणि 'कुठला' ही दोन विशेषणं टाळू नयेत: "सूर्याचा, पृथ्वीच्या कक्षेवरचा मुक्तिवेग".

अर्थविषयक लेखांत "अर्थव्यवस्थेने मुक्तिवेग गाठला" असंही हल्ली लिहितात. चालेल, पण बाहेरचा आधार काढून घेतल्यावरही ती मागे येणार नाही असं म्हणायचं असेल तरच. नुसती गती वाढली असेल, तर 'वेग घेतला' हे साधं मराठी पुरेसं आहे.